आऊटबोर्ड स्लोला अडखळते, प्लग सारखे काळे पडतात: दोष कुठे शोधायचा

आऊटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाची, तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. नवे प्लग घातले की मशीन दोन-चार फेऱ्या छान चालते. मग स्लोला, म्हणजे रेस न देता सर्वात कमी गतीला, मिसिंग (ठिणगी चुकणे) सुरू होते, गिअर टाकताच बंद पडते, रेस दिली की थोडा वेळ सुधारते आणि पुन्हा अडखळते. प्लग काढले तर काळेकुट्ट आणि ओलसर. परत नवे प्लग, परत चार दिवस आराम. प्लग बदलून हे दुखणे जात नाही, कारण दुखणे प्लगमध्ये नसतेच. सिलिंडरमध्ये काय चालले आहे ते प्लगच्या तोंडावर उमटते, एवढेच.

प्लगच्या मधल्या चिनी मातीच्या नाकाचे तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले तरच त्यावर बसलेली काजळी जळून जाते. स्लोला नाक तेवढे तापत नाही, म्हणून थोडी काजळी निरोगी मशीनमध्येही धरते आणि पुढच्या लांब पल्ल्यात साफ होते. काजळी जळण्यापेक्षा जास्त वेगाने धरू लागली की अडचण सुरू होते. कार्बनमधून वीज वाहते. त्यामुळे करंट गॅप ओलांडून ठिणगी पाडण्याऐवजी नाकावरच्या थरातून बॉडीत उतरतो. 'प्लग शॉर्ट झाला' असे म्हणतात ते शब्दशः खरे आहे. ठिणगी चुकली की न जळलेले मिश्रण प्लग आणखी ओला करते, आणि त्यातून तो प्लग स्वतःहून बाहेर पडत नाही.

पुढचे बरेचसे वर्णन कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा त्यात मिसळतात) टू-स्ट्रोक मशीनचे (जिथे ऑइल पेट्रोलबरोबरच जळते) आहे, कारण ही तक्रार तिथेच सर्वात जास्त असते. फोर-स्ट्रोकचे वेगळे मुद्दे नंतर घेतले आहेत.

प्लग आधी नीट वाचा

मशीन ज्या गतीला त्रास देते त्याच गतीला पाच-दहा मिनिटे चालवा आणि तिथेच किल स्विचची दोरी ओढून बंद करा. बंद करण्याआधी रेस दिली तर खरी खूण पुसली जाते. प्लगभोवतीचे मीठ आणि वाळू फुंकून टाका, नाहीतर प्लग निघताच ती भोकातून आत पडते. प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा. एका रांगेतल्या इंजिनात सगळ्यात वरचा सिलिंडर पहिला धरतात.

आता एकेक प्लग उजेडात धरा. नाकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर त्या सिलिंडरची चिंता नको. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा इंजिन थंड चालते आहे. ओला, चकाकणारा, तेलकट थर असेल तर ऑइल जास्त आहे किंवा त्या सिलिंडरला करंटच नाही. हे दोन वेगळे करायला वास घ्या आणि थर दोन बोटांत चोळून बघा: पेट्रोल लगेच उडते, ऑइल चिकटून राहते. गंजाचे ठिपके, पाण्याचे थेंब, किंवा काळ्या प्लगांच्या रांगेत एकच प्लग लख्ख धुतल्यासारखा दिसला तर तिथे पाणी शिरते आहे आणि पहिला संशय हेड गॅस्केटवर घ्यावा. नाक पांढरेफटक असेल, त्यावर फोड किंवा अॅल्युमिनियमचे चमकते कण असतील तर दुखणे नेमके उलटे आहे. मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, आणि पिस्टन वितळतो आहे. अशा वेळी मशीन एक मिनिटही चालवू नका.

यानंतरचा प्रश्न सगळ्या कामाची दिशा ठरवतो: सगळे प्लग सारखेच काळे आहेत की एकच? सगळे काळे असतील तर कारण सगळ्या सिलिंडरांना सामाईक आहे, म्हणजे ऑइलचे प्रमाण, शिळे पेट्रोल, चोक, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप), चुकीच्या नंबरचे प्लग. एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरचा कार्बोरेटर, कॉईल (ठिणगीसाठी करंट देणारी), कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) किंवा पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (लवचिक पडदा). एवढी वाटणी केली तरी निम्मे काम वाचते.

कॉम्प्रेशन सगळ्यात आधी

कार्बोरेटर उघडण्याचा मोह आवरा. कॉम्प्रेशनच गेलेले असेल तर ट्युनिंगवर घालवलेला दिवस फुकट जातो. मशीन कोमट करून सगळे प्लग काढा, किल स्विचची दोरी काढून ठेवा, प्लगच्या वायरी इंजिनच्या बॉडीला टेकवून अर्थ करा. वायरी मोकळ्या लोंबत ठेवून इंजिन फिरवले तर सीडीआय युनिट (ठिणगी सोडणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) जळू शकते, आणि भोकांतून येणाऱ्या वाफेला ठिणगी लागण्याचा धोका वेगळा. थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत फिरवा. प्रत्येक सिलिंडरला तेवढेच झटके द्या.

आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती आहे ते बघायचे. १० टक्क्यांपर्यंत चालते. १५ टक्क्यांच्या पुढे गेले की रिंगा, सिलिंडरची भिंत किंवा गॅस्केट तपासावे लागते. रिंगा कार्बनने खाचेत चिकटल्या असतील तर कार्बन काढण्याच्या लिक्विडचा उपचार एकदा करून बघावा आणि मग पुन्हा गेज लावावा.

ऑइल आणि पेट्रोल

प्रमाण ५०:१ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, म्हणजे २५ लिटरच्या टाकीला ५०० मिली. १००:१ ला लिटरमागे १० मिली, २५:१ ला ४० मिली. आपल्या मशीनचे प्रमाण पुस्तिकेत बघा. अंदाजाने ओतलेले ऑइल नेहमी जास्तच पडते, म्हणून मापाचा डबा ठेवा. आधी थोडे पेट्रोल, मग सगळे ऑइल, टाकी चांगली हलवा आणि मग उरलेले पेट्रोल भरा. भरलेल्या टाकीत वरून ऑइल ओतून तसेच सोडले तर ते तळाला बसते. ओढणारी नळीही तळालाच असते, त्यामुळे पहिली काही मिनिटे मशीनला ऑइलच ऑइल जाते.

ऑइल-इंजेक्शनच्या मशीनमध्ये टाकीतही मिसळलेले पेट्रोल भरले जाणे ही वारंवार दिसणारी चूक आहे. रनिंग-इनच्या (नवी मशीन रुळवण्याच्या) काळात कंपनी तसे सांगते, पण नंतर ती सवय सुटत नाही आणि दुप्पट ऑइल जात राहते. अशा मशीनमध्ये ऑइल पंपाच्या दांडीवरची खूण पंपावरच्या खुणेशी जुळते का तेही बघा.

ऑइल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या) दर्जाचेच हवे. मोटरसायकलचे टू-स्ट्रोक ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असते. त्यातल्या राख सोडणाऱ्या घटकांचा थर आऊटबोर्डच्या प्लगवर बसतो. आणि प्लग काळे पडतात म्हणून ऑइल कमी करणे हा उपाय कधीच करू नका. प्लग स्वच्छ राहतील आणि बेअरिंग जाईल.

पेट्रोलचा नमुना काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी शोषते, आणि ठरावीक मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल मिळून खाली वेगळे होतात. आंबट, रंगासारखा वास येत असेल तर ते शिळे आहे. त्यावर ट्युनिंग करण्यात अर्थ नाही. चाचणीसाठी वेगळ्या छोट्या टाकीत ताजे पेट्रोल घ्या आणि वेगळी नळी लावा. त्यावर मशीन सुधारली तर दोष बोटीच्या टाकीत, फिल्टरमध्ये किंवा नळीत आहे.

थर्मोस्टॅट: हाच सर्वात दुर्लक्षित भाग

इंजिन गरम होते तेव्हा अलार्म वाजतो आणि सगळे धावतात. थंड चालते तेव्हा कोणी ओरडत नाही. थर्मोस्टॅट उघडाच अडकला की थंड पाणी अखंड फिरत राहते, सिलिंडरच्या भिंती तापत नाहीत, पेट्रोल नीट वाफ होऊन जळत नाही आणि सगळे प्लग सारखे काजळतात. थर्मोस्टॅट काढून फेकून दिलेल्या मशीनचेही हेच होते. 'काढला तर इंजिन थंड राहील, चांगलेच आहे' हा गैरसमज खूप प्लग खातो.

तपासायला मशीन पाण्यात, गिअरमध्ये, स्लोला दहा मिनिटे चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर सिलिंडर हेडवर, थर्मोस्टॅटच्या झाकणाजवळ धरा. बहुतेक मशीनचा थर्मोस्टॅट ५० ते ६२ अंशांच्या दरम्यान उघडतो, म्हणून हेड त्याच्या आसपास यायला हवे. ३०-३५ अंशांवरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट बाहेर काढा. चिमटीत मावणारा हा भाग, पण उजेडात धरल्यावर बसकण आणि झडप यांच्यामध्ये वाळूचा एखादा कण किंवा मिठाची पांढरी कड दिसते, आणि तेवढ्याने झडप केसभर उघडी राहते. दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात सोडा, शेजारी थर्मामीटर ठेवा, पाणी तापवा. ठरलेल्या अंशाला तो उघडला पाहिजे आणि पाणी निवताना पूर्ण मिटला पाहिजे. भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, आकडा चुकतो.

थर्मोस्टॅट ठीक निघाला तर त्याच्या जवळचा पाण्याच्या दाबाचा पॉपेट व्हॉल्व्ह बघा. तो जास्त रेसला उघडायचा असतो. स्प्रिंग गंजली किंवा रबर फाटले की स्लोलाही उघडा राहतो. हे मोजमाप बागेच्या नळीवर करू नका. नळाच्या दाबानेच तो व्हॉल्व्ह उघडतो आणि चांगली मशीनही थंड भासते.

कार्बोरेटर

मोठ्या रेसला नीट आणि स्लोला घाण, अशी मशीन असेल तर स्लो जेट आणि त्यापुढची बारीक भोके धरा. मेन जेट मोठे असते, लवकर तुंबत नाही. स्लोची वाट केसाएवढी असते आणि मशीन पेट्रोलसह महिनोन् महिने उभी राहिली की चिकट थर तिथेच पहिला धरतो. जेट तुंबला तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी जाते, तो चुकतो, ती कमी भरून काढायला चोक थोडा ओढला जातो किंवा स्लोचा स्क्रू उगाच वर घेतला जातो, आणि काळे पडतात बाकीच्या सिलिंडरांचे प्लग. म्हणून काळा प्लग दिसला की दोष त्याच सिलिंडरचा, असे मानून चालू नका.

नेमका सिलिंडर सापडायला स्लोला चालू मशीनवर एकेका सिलिंडरचा करंट तोडून बघा. वायर मोकळी न सोडता अर्थ करा आणि इन्सुलेटेड पक्कडच वापरा. ज्याचा करंट तोडल्यावर आवाजात काही फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता.

साफ करताना कार्बोरेटर पूर्ण खोला. नुसता क्लीनर फवारून भोके सुटत नाहीत. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असते, भोक मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, जेट डोळ्याला लावून उजेडाकडे धरा. भोक गोल आणि कडा स्वच्छ दिसायला हवी.

पेट्रोल जास्त जाण्याची कारणे यातच आहेत. नीडल व्हॉल्व्हच्या (कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकावर गोल खाच पडली की ती बसत नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघा. थेंब टपकला तर नीडल किंवा फ्लोट (सुई उघडमीट करणारा तरंगता भाग). बऱ्याच कार्बोरेटरमध्ये उलटे धरल्यावर फ्लोट बॉडीच्या कडेला समांतर राहायला हवा, पण नेमके माप पुस्तिकेतूनच घ्या. चोकची पाती पूर्ण उघडते का ते हाताने फिरवून बघा. बटणाने चालणारा प्रायमर सॉलेनॉइड (सुरू करताना जादा पेट्रोल सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याच्या इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला चिमटा लावून मशीन चालवा. स्लो सुधारला तर सॉलेनॉइड आतून गळतो आहे.

एकच प्लग ओला: डायफ्रॅम बघा

कॉईल बदलली, कार्बोरेटर धुतला, तरी तोच एक प्लग पेट्रोलने ओला. अशा वेळी पेट्रोल पंप उघडा. टू-स्ट्रोकचा पंप क्रँककेसच्या (पिस्टनमागच्या बंद पेटीच्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो आणि ते ठोके बहुधा एकाच सिलिंडरच्या क्रँककेसमधून येतात. पंपाचा डायफ्रॅम फुटला की कच्चे पेट्रोल त्या ठोक्याच्या वाटेने थेट त्याच सिलिंडरमध्ये ओढले जाते. कार्बोरेटर कितीही सेट केला तरी हे थांबत नाही.

ठोक्याची नळी पंपावरून काढा आणि बल्ब दाबा. त्या तोंडातून पेट्रोल आले तर शंका उरली नाही. पंप इंजिनावर थेट बसवलेला असेल तर स्क्रू काढून मागची बाजू बघा. डायफ्रॅम नुसता डोळ्यांनी बघून चांगला ठरवू नका. दोन्ही हातांनी हलका ताणून दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे भोक एरवी दिसत नाही, ताणल्यावर त्यातून उजेडाचा ठिपका येतो. बदलताना गॅस्केट आणि आतल्या पातळ झडपा असलेला पूर्ण किट घाला.

करंट

स्पार्क टेस्टर लावा. चांगल्या सीडीआय इग्निशनची ठिणगी सुमारे ११ मिमी अंतर उडी मारते आणि निळी, कडक आवाजाची असते. पिवळी, बारीक ठिणगी उघड्यावर दिसते पण सिलिंडरमधल्या दाबाखाली पडत नाही. प्लग बॉडीला टेकवून 'करंट आहे' म्हणणे त्यामुळे पुरेसे नाही. दोष कॉईलचा आहे का हे ठरवायला दोन सिलिंडरांच्या कॉईल अदलाबदल करा. दोष कॉईलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर कॉईल, जागेवरच राहिला तर मागे वायरिंग, सीडीआय, ट्रिगर (ठिणगीची वेळ ठरवणारा) किंवा स्टेटर (वीज तयार करणारा). नवी कॉईल आणण्याआधी प्लगची कॅप उघडून बघा. खाऱ्या हवेत आतली स्प्रिंग हिरवी पडते आणि वायर कॅपमधून सैल होते. वायरचे अर्धा सेंटिमीटर टोक कापून कॅप पुन्हा घट्ट फिरवली की कैक मशीन बऱ्या होतात.

आणखी आत

स्लोला कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचे तुषार मागे उडत असतील तर रीड व्हॉल्व्हची (मिश्रण आत घेऊन मागे न सोडणाऱ्या झडपेची) पाकळी तुटली किंवा उचलली गेली आहे. मशीन बराच वेळ स्लोला चालल्यावर रेस देताच धुराचा लोट आणि अडखळणे येत असेल तर क्रँककेसच्या तळाशी साचणारे पेट्रोल-ऑइल परत फिरवणाऱ्या बारीक नळ्या आणि त्यांचे चेक व्हॉल्व्ह तपासा. हे व्हॉल्व्ह एकाच दिशेने फुंकर जाऊ देतात. तुंबले की सगळे साचते आणि रेसला एकदम वर येते. क्रँकचे वरचे सील गेले तर हवा आत येऊन मिश्रण पातळ होते आणि स्लो वर-खाली हेलकावे खातो.

एक सोपी चाचणी मात्र कोणी करत नाही: टोप (इंजिनावरचे मोठे झाकण) काढून मशीन चालवा. टोप काढताच स्लो गोड झाला आणि बसवताच बिघडला, तर टोपाच्या आत एक्झॉस्ट गळतो आहे आणि मशीन स्वतःचाच धूर ओढते आहे. एक्झॉस्टच्या झाकणांचे गॅस्केट आणि जोडांवरचे काळे ओघळ शोधा.

फोर-स्ट्रोक

इथे पेट्रोलमध्ये ऑइल नसते, त्यामुळे ओला तेलकट प्लग म्हणजे ऑइल रिंगांवरून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून येते आहे, किंवा मशीन चुकीच्या कुशीवर झोपवली गेली. कोणत्या कुशीवर ठेवायची ते स्टिकरवर लिहिलेले असते. सगळे प्लग कोरडे काळे असतील तर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजिन थंड चालते आहे, पेट्रोल न जळता ऑइलमध्ये उतरते आहे. पुन्हा थर्मोस्टॅट. ऑइल बदलल्याशिवाय ती मशीन चालवू नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातात.

प्लग आणि ट्युनिंग

दोष काढल्यावरच नवे प्लग. नंबर पुस्तिकेतलाच. एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), म्हणजे बी८एचएस हा बी७एचएसपेक्षा थंड, चॅम्पियनमध्ये उलटे. काळे पडतात म्हणून मनाने गरम प्लग घालू नका, पूर्ण रेसला पिस्टनला भोक पडते. बी७एचएस-१० मधला १० म्हणजे १.० मिमी गॅप. खालची वाकडी पट्टी नसलेल्या सरफेस-गॅप प्लगला गॅप सेट करायचा नसतो. वाळूच्या फवाऱ्याने साफ केलेले प्लग परत घालू नका, कण आत अडकतात आणि सिलिंडर ओरबाडतात. नवा वॉशरचा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि पुढे पान्याने साधारण अर्धा फेरा.

स्लो नेहमी पाण्यात, गिअरमध्ये सेट करा, बोट दोन दोरांनी घट्ट बांधून. पाण्यात एक्झॉस्टला विरोध असतो आणि पंख्यावर (प्रोपेलरवर) भार असतो. नळीवर न्यूट्रलमध्ये केलेले सेटिंग बंदरात उपयोगी पडत नाही. मशीन पूर्ण गरम झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू हलकेच टेकवून पुस्तिकेत दिल्याइतका मागे घ्या. आकडा नसेल तर सव्वा फेऱ्याने सुरुवात करा. जोराने टेकवला तर सुईच्या टोकाला कडे पडते. मग आठवा हिस्सा फेरा आत, पंधरा सेकंद थांबा, पुन्हा आठवा हिस्सा. बहुतेक आऊटबोर्डमध्ये आत म्हणजे पेट्रोल कमी. मशीन कार्बोरेटरमधून शिंकली की मिश्रण पातळ झाले. तिथून पाव फेरा मागे या. किंचित जास्त पेट्रोलवर ठेवलेले बरे, नाहीतर एकदम रेस दिल्यावर अडखळते. अनेक कार्बोरेटर असतील तर आधी सगळ्या पात्या एकाच क्षणी उघडतात आणि पूर्ण मिटतात याची खात्री करा. बऱ्याच मशीनचा गिअरमधला स्लो ६०० ते ७५० आरपीएमच्या दरम्यान असतो; आपला आकडा पुस्तिकेतून घ्या आणि टॅकोमीटर लावूनच सेट करा.

पंखाही बघा. जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त अंतर कापणारा) पंखा असेल तर पूर्ण थ्रॉटलला मशीन ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोहोचतच नाही, ओझ्याखाली रडत चालते आणि प्लग कधीच जळून साफ होत नाहीत. तासन् तास जाळे किंवा गळ ओढत स्लोला चालणाऱ्या मशीनला अधूनमधून काही मिनिटे तीन चतुर्थांश थ्रॉटल द्या. दुरुस्तीनंतर दहा तास चालल्यावर प्लग पुन्हा क्रमाने काढून मांडा आणि पहिल्या वेळी काढलेल्या जुन्या प्लगांशेजारी ठेवून बघा. जुने प्लग त्यासाठी सिलिंडरचा नंबर लिहून जपून ठेवावेत.